दवाखान्याच्या सायकल स्टँडमधली चूल

मी आरोग्य खात्यात होते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी जीभ बाहेर काढतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या खेड्यांत तर गाडीवरचं खात्याचं नाव दिसलं की म्हाताऱ्या बाया सुईसाठी दंड उघडा करून पुढे यायच्या. मी पिशवीतून मोजपट्टी काढायची आणि त्यांच्या दंडाऐवजी त्यांच्या घराचं दार मोजायची. "हे कोनती तपासनी व्हय बाई?" असं एकीनं विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "घराची. घराला ताप आहे का ते पाहते." तिनं मान डोलावली आणि शेजारणीला ओरडून सांगितलं की आता सरकार घरालेबी सुई देऊन राह्यलं.

मी इंजिनीयर. दवाखाने, उपकेंद्रं, बाळंतपणाच्या खोल्या, आश्रमशाळांची स्वयंपाकघरं बांधायची आणि बिघडली की दुरुस्त करायची, हे माझं कागदावरचं काम. पण हे करता करता एक गोष्ट डोळ्यांत भरायला लागली. डॉक्टर खोकल्याचं औषध देतात, माणूस बरा होतो, घरी जातो आणि पुन्हा खोकत येतो. औषध खोटं नसतं, पण तो ज्या खोलीत झोपतो ती खोली त्याला पुन्हा आजारी पाडते. आमच्याकडच्या जुन्या घरांना खिडक्या नसायच्या. थंडी आत येऊ नये, बिबट्या आत येऊ नये आणि धान साठवायची ढोली बाहेरच्याला दिसू नये, ही तिन्ही कारणं चोख होती. फक्त हवा आत यावी असं कोणाला वाटलं नव्हतं. मग मी खात्याच्या इमारतींबरोबर लोकांच्या घरांतही नाक खुपसायला लागले.

माझी सगळी विद्या सहा शब्दांत मावते. धूर बाहेर, वारा आत, पाणी दूर. चुलीचा धूर घरात कोंडू नये, वारा एका बाजूनं येऊन दुसरीनं जावा आणि सांडपाणी, पावसाचं पाणी भिंतीपासून लांब जावं. एवढं जमलं तर निम्मा दवाखाना रिकामा होतो. कुठल्याही घरात शिरल्यावर मी आधी वर आढ्याकडे बघायची, काजळी किती आहे ते. त्यामुळे माझं नाव पडलं 'धूरवाल्या बाई'. आईवडिलांनी ठेवलेलं नाव पगारपत्रकापुरतं उरलं.

माझ्या जोडीला होते रहीमचाचा, वडशाचे मिस्त्री. ठेकेदार येत-जात राहिले, पण विटेवर वीट ठेवायला चाचाच असायचे. ते म्हणायचे, "नक्शा बाईचा, भिंत माही, अन् शिव्या ठेकेदाराच्या." नकाशा बघताना ते चष्मा कपाळावर चढवायचे आणि हमखास एक प्रश्न विचारायचे, "याच्यात राहनार कोन हाये?" मला तो प्रश्न कामात अडथळा वाटायचा. मी म्हणायची, "चाचा, माणसंच राहणार, वाघ थोडेच राहणार?" तो प्रश्न मी नीट ऐकला असता, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

आमची गिऱ्हाइकं कसली कसली असायची ते सांगते. वडशाला हिवाळ्यात नाटक कंपन्यांची गर्दी असते. एका कंपनीचा खलनायक खोकत होता, तपासलं तर क्षय निघाला. डॉक्टरांनी औषध सुरू केलं आणि मला पाठवलं, की हे वीसजण एकाच खोलीत तालीम करतात आणि तिथंच झोपतात, जरा बघा. बघते तर खोलीला चार खिडक्या आणि चारही खिळे ठोकून बंद. मालकाला विचारलं, तर तो कानाजवळ येऊन म्हणाला, "बाई, बाजूले दुसऱ्या कंपनीचा मुक्काम हाये. नव्या नाटकातले डायलाग चोरून राह्यले ना भौ!" खोकला वीसजणांत वाटायला तो तयार होता, संवाद मात्र एकही द्यायला तयार नव्हता. शेवटी चाचांनी छपराखाली चारी बाजूंनी जाळ्या बसवल्या. हवा वरून निघून गेली आणि संवाद गेलेच तर आभाळात गेले, तिथं कोणाची कंपनी नव्हती. खलनायक सहा महिन्यांत ठणठणीत झाला. पुढच्या हंगामात त्यानं मला पहिल्या रांगेत बसवून असं काही हसून दाखवलं की माझ्या शेजारचं पोर रडायला लागलं.

हे झालं यशाचं. आता फजितीचं.

नागभीडकडच्या एका गावात लटारूभाऊ नावाचे शेतकरी होते. त्यांच्या बायकोला चुलीच्या धुरानं दमा जडला होता. मी त्यांच्या घरी धुराड्याची चूल बसवून दिली. पाइप छपराच्या वर गेला, घरातला धूर गेला, बाईचा खोकला गेला. मी इतकी खूश, की तालुक्याच्या सभेत त्या घराचे फोटो दाखवले. दोन वर्षांनी लटारूभाऊ एक बांबू खांद्यावर टाकून कचेरीत हजर. त्यांनी तो माझ्या टेबलावर दोनदा आपटला. आतून पिवळं पीठ भुरभुर सांडलं.

"हे काय, लटारूभाऊ?"

"आमच्या छपराचा वासा व्हय. बाई, धूर होता तं घुन नव्हता. तुमी धूर नेला अन् घुन आला. बुढीचा खोकला गेला, पन आता छप्पर खोकून राह्यलं."

मी टेबलावरच्या पिठाकडे बघत राहिले. पिढ्यान्‌पिढ्या चुलीचा धूर वर जाऊन बांबू किडीपासून टिकवत होता, टांगलेलं बियाणं टिकवत होता. इंजिनीयरच्या पुस्तकात हे नव्हतं, मात्र गावातल्या प्रत्येक म्हातारीला माहीत होतं. मी तिला विचारलं नाही आणि तिनं पाहुण्या बाईला टोकलं नाही. मग चाचांनी नवे बांबू महिनाभर तळ्यात भिजत घालून त्यांचं छप्पर बदलून दिलं. लटारूभाऊंनी धुराडं काही काढलं नाही. "बुढी रात्रभर झोपते आता, मलेबी झोपू देते," म्हणाले. घरातली एखादी वस्तू काढण्याआधी ती तिथं काय काम करते ते विचारावं, असं मी त्या दिवशी वहीत लिहून ठेवलं. वहीत लिहून ठेवलं की विसरायला माणूस मोकळा होतो.

आता मूळ गोष्टीकडे येते.

एटापल्लीच्या पुढे, जंगलातल्या एका दवाखान्याचं छप्पर गळत होतं म्हणून मी भर पावसाळ्यात तिथं गेले होते. दवाखान्यापासून अर्ध्या कोसावर एक नाला. उन्हाळ्यात त्यातून कोंबडीही पाय न भिजवता जाईल, पण श्रावणात तो दोन-दोन दिवस वाट अडवून बसतो. त्या दिवशी पलीकडच्या गावातली रैनी नावाची पोरगी बाळंतपणात अडली होती. गावकऱ्यांनी तिला खाटेवर घालून काठापर्यंत आणलं. इकडच्या काठावर आम्ही, म्हणजे डॉक्टरबाई, नर्स आणि मी. मधे ते तांबडं पाणी. पलीकडची खाट दिसत होती, खाटेच्या उशाशी बसलेली तिची सासू दिसत होती. हाक मारली तर ऐकू जात नव्हतं. पाणी दुसऱ्या दिवशी दुपारी उतरलं. रैनी वाचली, बाळ गेलं. त्या सबंध वेळात माझ्या हातात मोजपट्टी होती, हे मला घरी आल्यावर कळलं. मी त्या रात्री जेवले नाही आणि नंतरही कितीतरी दिवस नळाचं पाणी वाहताना ऐकवत नसे.

पूल बांधणं माझ्या हातात नव्हतं, घर बांधणं होतं. दवाखान्याच्या आवारात एक घर बांधायचं, नाल्यापलीकडच्या गरोदर बायांनी पाणी चढायच्या आधीच येऊन तिथं राहायचं आणि वेळ आली की पन्नास पावलांवर डॉक्टर. कल्पना काही माझी एकटीची नव्हती, पण त्या दवाखान्यासाठी मी हट्ट धरला. मंजुरी मिळवायला दोन उन्हाळे गेले.

घर असं बांधलं की काय सांगू! समोरासमोर खिडक्या, प्रत्येकीला डासांची जाळी, छपराखाली झरोके, कमरेपर्यंत पांढऱ्या टाइल्स, आतच न्हाणी आणि संडास, चार लोखंडी खाटा. धूर होऊ नये म्हणून स्वयंपाकघरच ठेवलं नाही. दोन वेळचा डबा दवाखान्याकडून यायचा. माझी सहाही अक्षरं, माफ करा, सहाही शब्द त्या घरात उतरले होते. धान कापणीनंतर उद्‌घाटन झालं, साहेबांनी माझं कौतुक केलं. चाचांनी मात्र कोपऱ्यात उभं राहून पुन्हा विचारलं, "बाई, याच्यात राहनार कोन हाये?" मी त्यांना पेढा दिला, म्हणजे तोंड बंद राहील.

फाल्गुन-चैत्रात गेले तर घरात चारही खाटांवर मोहफुलं वाळत घातलेली. दवाखान्याचा शिपाई मला बघून उलट खूशच झाला. "मॅडम, काय हवा खेळते हो इथी! बाहेर चार दिस लागते, इथी दोन दिसात मोह कडक!" माझ्या कामाची एवढी शास्त्रशुद्ध स्तुती आजवर कोणी केली नव्हती. राहायला एकही बाई टिकली नव्हती. दोघी आल्या, एकेक रात्र काढून गेल्या. विचारलं की सगळ्यांचं एकच उत्तर, "छान हाये बाई." आमच्याकडे पाहुण्याच्या तोंडावर त्याच्या वस्तूला नाव ठेवत नाहीत, आणि तिथं पाहुणी मी होते.

मृग लागला तेव्हा डॉक्टरबाईंचा फोन आला. "मॅडम, रैनीला पुन्हा दिवस गेलेत. तीन आठवडे राहिलेत. तिला काल आणून ठेवलंय." मी कामं टाकून निघाले. हे घर जिच्यासाठी बांधलं, ती त्यात राहिली होती. दवाखान्याच्या अलीकडच्या वळणावर समोरून तिघं येताना दिसली. पुढे रैनीचा नवरा, डोक्यावर गाठोडं आणि काखेत कोंबडी. मागे पोट सावरत रैनी. तिच्या मागे तिची सासू मैनाबाई. एक रात्र काढून घरी निघाली होती.

"जोहार, मैनाबाई. कुठं निघालात?"

"घरी. घर छान हाये बाई तुमचं."

"मग निघालात कशाला?"

"छान हाये ना. लयच छान हाये," म्हणून ती चालायला लागली.

मी गाडी सोडली आणि त्यांच्याबरोबर चालले. नाल्याशी आलो. पाणी घोट्याएवढं होतं. रैनी दमली म्हणून सगळे मोहाच्या झाडाखाली टेकलो. मैनाबाई मात्र बसली नाही. तिनं तीन दगड जमवले, काटक्या मोडल्या, गाठोड्यातून गंज, म्हणजे पातेलं, काढलं आणि मी पाणी पिऊन होईपर्यंत आंबील शिजायला ठेवली. काल रात्रीपासून आंबलेला तिचा चेहरा विस्तवाच्या शेजारी बसल्यावर सैल झाला. ढवळता ढवळता ती बोलायला लागली.

"पाहा बाई, पोरीले दुखाले लागलं तं डाक्टरीन पाहीन. ते बरोबर हाये. पन त्याच्या आंदी वीस दिस मी काय करू? डबा येते, आमी खातो. डबा जाते, आमी भिंतीकडं पाहतो. सून मले पाहते, मी सुनेले पाहतो. हाताले काम नाई, मंग दोघींच्या डोक्यात तेच येते, मांगच्या लेकराचं. राती ते रडली. मी काय करू? घरी असती तं उठून चूल पेटवली असती, चार घोट गरम देल्ले असते तिले. इथी कायनं देऊ? पांढऱ्या भिंतीनं?"

मी विस्तवात एक काटकी सारली.

"लेकरू झाल्यावर गरम पानी, शेक, आंबील कोन करन? डबेवाला? तुमच्या घरात चूल नाई. चूल नाई ते घर नाई बाई. ते गोदाम व्हय."

शिपायानं मोह वाळवून तेच सांगितलं होतं, मला कळलं नव्हतं. डोळ्यांसमोर लटारूभाऊंचा वासा आपटला. आयुष्यभर मी घराघरांतून धूर हाकलत आले आणि धुराबरोबर ह्या घरातून विस्तवही हाकलला, सासूचं कामही हाकललं. खरं सांगते, मला राग आला. आधी तिचा, मग माझा.

"रैनी, तुला काय वाटतं?" मी विचारलं.

ती इतका वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. "मले इथीच राहाचं हाये," ती हळूच म्हणाली. "मले भेव वाटते त्या नाल्याचं. पन आत्याशिवाय नाई." सासूला ती आत्या म्हणायची.

"चूल बांधून दिली तर राहाल?" मी मैनाबाईला विचारलं.

"कवा?"

"आठ दिवसांत."

तिनं नाल्याकडे हनुवटी केली. "हा थांबन का आठ दिस?"

ठरलं असं. नवऱ्याला धानाच्या रोपांसाठी परे टाकायचे होते, तो रैनीला घेऊन घरी गेला. मैनाबाई आमच्या बाजूला राहिली. "चूल कशी बांधता ते मी पाहून घेतो," म्हणाली. म्हणजे ज्या पोरीला अलीकडे आणायचं, ती पलीकडे आणि मधे नाला. मला त्या आठवड्यात झोप लागली नाही.

वरच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "चूल? धूर? तुम्ही? तब्येत बरी आहे ना?" मग म्हणाले, दवाखान्याच्या आवारात चूल कुठल्याच नकाशात बसत नाही, नव्यानं मंजुरी घ्या. मंजुरी येईपर्यंत रैनीचं बाळ शाळेत गेलं असतं. वडशाहून चाचा आले, त्यांनी चष्मा कपाळावर चढवून जुना मंजूर नकाशा पुढे ओढला आणि एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथं लिहिलं होतं, सायकल स्टँड, एक. तो बांधायचा राहूनच गेला होता.

"बाई, सायकल स्टँड बांधू. एकदम मजबूत," चाचा म्हणाले. "येका कोपऱ्यात तीन गोटे राहून गेले, तं ते मिस्त्रीची चूक. बुढा झाला मिस्त्री, म्हना."

पावसाळ्यात आमच्याकडे वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून सायकल स्टँड मी घराच्या ईशान्येला घेतला, की धूर घरावर किंवा वॉर्डावर न येता रानाकडे जावा. तीन बाजूंनी उघडी सपरी, एका बाजूला बांबूचा तट्टा, वर कवेलू, म्हणजे कौलं, आणि आढ्याशी छप्पर हातभर उचललेलं, म्हणजे धूर सरळ वर. बसायला मातीचा ओटा. चाचांनी विटांची चूल रचली, वरून सिमेंटचा गुळगुळीत हात फिरवला आणि दोन पावलं मागे सरून बघत उभे राहिले. मैनाबाईनं ती पाहिली, खाली बसली आणि दोन्ही हातांनी पाडून टाकली.

"अवो बाई!" चाचा ओरडले. "चाळीस साल झाले, माह्या कामाले कोनी हात नाई लावला!"

"सिमेंट तडकते," ती म्हणाली. "वारुळाची माती आना. अन् कोंडा."

पुढे राग वाढला तसं ती गोंडीत शिरली आणि चाचा हिंदीत. भांडण अर्धा तास चाललं, दोघांनाही एकमेकांचं काही समजत नव्हतं, पण मुद्दा चुलीचाच होता. शेवटी चाचा स्वतः घमेलं घेऊन वारुळाची माती आणायला गेले. संध्याकाळपर्यंत ते तिच्या शेजारी उकिडवे बसून मातीत कोंडा किती घालायचा ते शिकत होते. मला म्हणाले, "नक्शा तुमचा, भिंत माही, चूल हिची. आता घर झालं."

सातव्या दिवशी सकाळी इकडे ऊन आणि तिकडे डोंगरावर काळंकुट्ट. मैनाबाईनं आभाळ पाहिलं आणि काही न बोलता नाल्याकडे धावत सुटली. मागे मी, माझ्या मागे चाचा, त्यांच्या खांद्यावर सेंट्रिंगचा दोर. पाणी गुडघ्याला आलं होतं आणि रंग बदलत होता. मी बरोबर त्याच जागी उभी होते, जिथं तीन वर्षांपूर्वी उभी होते. मैनाबाईनं पलीकडे अशी हाक मारली की रानातली पाखरं उठली. थोड्या वेळानं झाडांतून रैनी, तिचा नवरा आणि गावातले दोघं आले. तेही आभाळ बघूनच निघाले होते.

चाचांनी दोराचं एक टोक मोहाच्या झाडाला बांधलं, दुसरं एकानं पाण्यातून येऊन पलीकडे नेलं, ते धरून रैनीचा नवरा तिथं उभा राहिला. गावातल्या दोघांनी रैनीला मधे घेतलं. ती एका हातानं दोर धरून, एक-एक पाऊल चाचपत आली. मधोमध ती थांबली. पाणी मांड्यांपर्यंत होतं. मैनाबाई अलीकडून शांतपणे काहीतरी बोलत राहिली, गोंडीत, मला एक शब्द कळला नाही. रैनीनं पाय उचलला. शेवटच्या चार पावलांवर मी पाण्यात उतरले आणि तिचा हात धरला. तिचा नवरा सगळ्यांत शेवटी आला, डोक्यावर टोपलीत तीच कोंबडी. संध्याकाळी त्या वाटेवरून माणूस जाणं बंद झालं.

बाळंतपण त्यानंतर अकराव्या दिवशी झालं. मी तेव्हा चंद्रपुरात एका बैठकीत संडासाच्या भांड्यांवर बोलत होते. डॉक्टरबाईंचा फोन आला. मुलगी झाली होती. रैनीला रक्त फार गेलं, पण औषध, सलाइन, हात सगळं जवळ होतं, आटोक्यात आलं. "मॅडम, पलीकडे असती तर..." असं म्हणून त्या थांबल्या. मी बैठकीत परत गेले आणि भांड्यांवर बोलता बोलता रडले. साहेबांना वाटलं, विषयाची तळमळ आहे.

दहा-बारा दिवसांनी गेले तर सपरीत मैनाबाई नातीला मांडीवर घेऊन शेकत होती. चुलीवर गंज, ओट्यावर रैनी आंबील पीत बसलेली, कोंबडी चाचांच्या सिमेंटच्या पोत्यावर. पाणी उतरलं होतं, घरी जायला हरकत नव्हती. "मग का थांबलात?" मी विचारलं. मैनाबाई म्हणाली, "खालच्या गावची एक बाई उद्या येऊन राह्यली, तिची सासू येईन, तिच्या हाती इस्तव देतो अन् जातो. पेटती चूल विझवून कोनी जाते का?"

ती रीत मग पडून गेली. पावसाळाभर एक सासू दुसरीच्या हवाली विस्तव करून जाते. आणि घरातल्या चारही खाटांवर आता बाया असतात, मोह नसतो. शिपायाचं तेवढं नुकसान झालं. पुढे एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी कागद बघून विचारलं, "सायकल स्टँड म्हणता, एकही सायकल कशी नाही?" मी म्हटलं, "साहेब, इथले लोक पायी येतात." त्यांना तेवढ्यात आंबिलीचा पेला मिळाला आणि तपासणी संपली.

एक गोष्ट अजून सलते. घर बांधून झालं आणि चूल पेटली, यामध्ये एक हिवाळा आणि एक उन्हाळा गेला. एक-एक रात्र काढून "छान हाये" म्हणत गेलेल्या त्या दोघींचं पुढे काय झालं, ते मी शोधलं नाही. हिंमत झाली नाही.

निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. मागच्या आषाढात कोणाचंही बोलावणं नसताना मी आणि रहीमचाचा त्या बाजूला गेलो. चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, दोन हातांपलीकडचं दिसत नाही, पण बसायचं मात्र खिडकीशीच. दवाखान्याच्या अलीकडे ते वळण येतं, जिथं मला रैनी परत जाताना भेटली होती. तिथून झाडांमधून आमच्या सपरीचं आढं दिसतं. चाचांनी गाडी थांबवायला लावली आणि काच खाली करून मान बाहेर काढली.

"बाई, धूर दिसून राह्यला का?"

सगळी नोकरी मी धूर दिसू नये म्हणून केली. वर पाहिलं. उचललेल्या आढ्यातून बारीक, निळसर धूर सरळ रानाकडे चालला होता.

"दिसतोय, चाचा."

"मंग चाला," ते मागे टेकत म्हणाले. "कोनी तरी टायमावर आलं हाये."